शाळेतली आरोग्य खोली: आधी माणूस, मग खाट

शाळेत आरोग्य खोली करायची असं ठरलं की पहिली खरेदी खाटेची होते. मागोमाग गादी, औषधांची पेटी, दारावर रंगवलेली पाटी. वर्ष सरतं न सरतं तोच त्या खाटेवर क्रीडासाहित्य आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन बसतात, पेटीतलं मलम वाळून जातं आणि ताप आलेलं पोर मागच्या बाकावर डोकं टेकून शाळा सुटायची वाट पाहतं. खोली होती, वस्तू होत्या. मुलाकडे पाहून 'याचं आता काय करायचं' हे ठरवणारं मात्र कोणी नव्हतं.

सरकारी प्राथमिक शाळेत पूर्णवेळ परिचारिका क्वचितच मिळते, हे धरूनच आखणी करावी. या खोलीत रोगाचं निदान करायचं नाही. आलेल्या मुलाला थोडा वेळ नीट पाहायचं, लागेल तो प्रथमोपचार करायचा आणि तीनपैकी एका वाटेला लावायचं: परत वर्गात, घरी, नाहीतर दवाखान्यात. हा निर्णय लवकर आणि बरोबर व्हावा, एवढ्यासाठीच खोली असते.

पहिली पायरी: खोली कोणाची?

मुख्याध्यापकांचं नाव लिहून मोकळं होऊ नका. ते बैठकीला गेलेले असतात आणि अपघात नेमका तेव्हाच होतो. वर्गशिक्षकाचीही अडचण असते, कारण एका मुलामागे धावायचं तर उरलेला वर्ग वाऱ्यावर. म्हणून पहिला संपर्क दिवसभर एका जागी सापडणाऱ्या माणसाशी ठेवावा. बऱ्याच शाळांत असा माणूस म्हणजे कार्यालयातला कारकून. त्याच्या जोडीला प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेले निदान दोन शिक्षक हवेत, म्हणजे एक रजेवर असला तरी दुसरा असतो. तिघांची नावं प्रत्येक वर्गात दाराशेजारी लावा. बदली शिक्षकालाही ती दिसली पाहिजेत.

प्रशिक्षण हाताने करून पाहायचं असावं. पुतळ्यावर छाती दाबून पाहिल्याशिवाय मुलाच्या छातीवर किती जोर द्यायचा याचा अंदाज येत नाही. छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे शाळकरी मुलात सुमारे ५ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे वाचून कळतं. हाताला ते वेगळं शिकवावं लागतं. दर दोन-तीन वर्षांनी उजळणी ठेवा.

इथेच एक नियम ठरवून टाका: आजारी मूल खोलीकडे एकटं चालत जाणार नाही. साध्या तक्रारीला सोबत एक वर्गमित्र द्यावा. चक्कर, धाप, डोक्याला मार, किंवा मधुमेह असलेल्या मुलाला अचानक घाम आणि थरथर असं काही असेल, तर मूल जागेवरच राहतं आणि मोठं माणूस पेटी घेऊन त्याच्याकडे जातं. जिन्याच्या मधल्या वळणावर कोसळलेलं मूल बराच वेळ कोणाला दिसत नाही.

जागा

तळमजला हवा. गाडी दारापर्यंत यावी, स्ट्रेचर वळावं इतकं दार रुंद असावं, नळ आणि स्वच्छतागृह शेजारी असावं आणि कार्यालयातून खोलीत नजर पोहोचावी. यातलं शेवटचं सगळ्यात जास्त वेळा विसरलं जातं. इमारतीच्या टोकाची शांत खोली 'आजाऱ्याला आराम मिळेल' म्हणून निवडतात आणि तिथे मूल तासभर एकटं पडून राहतं.

स्वतंत्र खोली नसेल तर हरकत नाही. कार्यालयाचा किंवा वाचनालयाचा एक कोपरा पडदा लावून घेतला तरी चालतो, फक्त तिथे खिडकी असावी. उलट्या आणि खोकल्याच्या मुलांना कोंदट जागेत ठेवण्यात अर्थ नाही. दोन खाटा पुरेत. त्यांच्यामध्ये मीटरभर तरी अंतर सोडा आणि पडदा धुता येण्याजोगा घ्या. खाटांपेक्षा टेकून बसायच्या दोन खुर्च्या जास्त वापरल्या जातात, कारण येणाऱ्या बहुतेक मुलांना झोपायची गरज नसते. धाप लागलेल्या मुलाला तर आडवं करूच नये.

दार बंद करून मोठं माणूस आणि मूल आत, असं कधीही होऊ देऊ नका. कपडे सैल करायचे असतील तर पडदा ओढा, दार उघडं ठेवा आणि दुसरं मोठं माणूस हाकेच्या अंतरावर ठेवा. यात मुलाचं रक्षण आहे आणि शिक्षकाचंही.

दारावरच्या पाटीबद्दल थोडंसं. पांढऱ्यावर लाल फुली हे जिनिव्हा करारांनी संरक्षित केलेलं चिन्ह आहे. युद्धात वैद्यकीय सेवेची ओळख म्हणून ते राखून ठेवलं आहे. प्रथमोपचाराचं आंतरराष्ट्रीय चिन्ह म्हणजे हिरव्यावर पांढरी फुली. रंगाऱ्याला तेच सांगा.

पाणी, साबण आणि सांडलेलं पुसणं

वाहतं पाणी आणि साबण नसेल तर बाकीची खरेदी थांबवा आणि आधी ते करा. नळ आत आणता येत नसेल तर तोटीची टाकी स्टुलावर ठेवा, खाली बादली. प्रत्येक मुलाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने २० सेकंद हात धुवायचे. रक्त, उलटी, लघवी यांना हात लावायचा असेल तर हातमोजे. हातमोजे काढल्यावरही हात धुवायचेच.

उलटी फरशीवर पडली की पहिल्यांदा मुलांना बाजूला करा. मग जुने कागद किंवा कापड टाकून ती टिपून घ्या, पिशवीत बांधा, जागा साबणाच्या पाण्याने पुसा आणि त्यानंतर ब्लीच वापरा. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर तिथेच संपतो. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्के लिहिलेलं असेल, तर एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी घेतलं की ०.५ टक्के द्रावण होतं. रक्त किंवा उलटीच्या जागेला हे वापरावं आणि दहा मिनिटं राहू द्यावं. खाट, टेबल, दाराची कडी रोज पुसायला एकास एकोणपन्नास, म्हणजे ०.१ टक्के पुरेसं. द्रावण रोजचं रोज करा. स्वच्छतागृहाच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. सफाई कामगाराला हे तोंडी सांगा, बाटलीवर चिठ्ठी चिकटवून भागत नाही.

कपाटात काय, आणि काय नाही

गादी रेक्झिनची घ्या, म्हणजे पुसता येते. कापडी गादी आधीच असेल तर तिच्यावर मेणकापड. चादरी तीन-चार, कारण एक अंगावर, एक धुण्यात असतेच. उलटीसाठी रुंद तोंडाचं भांडं, टिश्यू, झाकणाचा आणि पायाने उघडणारा कचरा डबा, टॉर्च, गोल टोकाची कात्री, चिमटा, सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाला कोणी महत्त्व देत नाही, पण पुढे पाहाल, अर्धे निर्णय त्याच्यावर चालतात.

ड्रेसिंगसाठी निर्जंतुक गॉझ वेगवेगळ्या आकारांची, गुंडाळपट्ट्या, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, लहान जखमांच्या तयार पट्ट्या, सलाइनच्या छोट्या कुप्या, थंड शेकासाठी पिशवी. कापूस जखम झाकायला वापरू नका, त्याचे तंतू जखमेत चिकटतात.

थर्मामीटर डिजिटल, आणि दोन. पाऱ्याचा जुना थर्मामीटर सापडला तर तो वापरातून काढून आरोग्य केंद्राकडे द्या. २०१३च्या मिनामाता करारानुसार त्यांचं उत्पादन आणि व्यापार २०२०पर्यंत थांबवायचं ठरलं होतं, आणि मुलांच्या हातात फुटणारा पारा शाळेत नकोच. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा थोडं कमी येतं, म्हणून नोंदीत कुठे मोजलं तेही लिहा.

ओआरएसची पाकिटं ठेवा, पण ती पाकिटावर लिहिलेल्या पाण्याच्या मापातच विरघळवायची. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटी २०० मिलिलिटरची. दोन्ही एकाच कपाटात ठेवली तर गोंधळ होणार, म्हणून एकच आकार घ्या आणि त्या मापाची बाटली शेजारी ठेवा. 'थोडंसं पाण्यात टाकून' दिलेलं दाट द्रावण मुलाला अपाय करू शकतं. केलेलं द्रावण २४ तासांनंतर ओतून द्यायचं.

सुटे कपडे हवेत: चड्ड्या, दोन-तीन मापांचे गणवेश. पहिलीतल्या मुलाला कपड्यांत लघवी होणं हा आजार नाही, पण त्याच्या त्या दिवसाचं काय होतं हे कोरडे कपडे किती लवकर मिळाले यावर ठरतं. सॅनिटरी पॅड आणि कागदी पिशव्याही ठेवा. पाळी नऊ-दहाव्या वर्षीही सुरू होऊ शकते, म्हणजे प्राथमिक शाळेतच. ते कुठे ठेवले आहेत हे मोठ्या मुलींना आधीच माहीत असावं, मागायला पुरुष शिक्षकाकडे जावं लागू नये.

आता काय नको ते. आयोडीन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या बाटल्या नकोत. खरचटलेला गुडघा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने नीट धुतला की काम होतं. प्रतिजैविकं नकोत, कोणाच्या तरी घरून उरलेली सिरप तर नकोतच. ॲस्पिरिन अजिबात नको: १६ वर्षांखालच्या मुलांना विषाणूच्या तापात ती दिली तर राय सिंड्रोम हा दुर्मिळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. पॅरासिटामॉल ठेवायचं की नाही हे तुमच्या आरोग्य विभागाच्या नियमांवर ठरवा. ठेवलंच तर पालकांची लेखी संमती, मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा आणि सकाळी घरून काही देऊन पाठवलं आहे का याची फोनवर खात्री, या तिन्हींशिवाय द्यायचं नाही. दोनदा दिलेल्या औषधाची बातमी संध्याकाळी घरी कळते.

मुलांची स्वतःची औषधं वेगळी. दम्याचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी), तीव्र ॲलर्जीवरचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मधुमेही मुलाची साखर: प्रत्येकाचा वेगळा डबा, त्यावर नाव, वर्ग, फोटो, डॉक्टरांनी लिहिलेली सूचना, औषधाची मुदत. बाकी औषधं कुलपात, पण हे डबे कुलपात ठेवायचे नाहीत. मुलांच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर, उघडे. किल्ली शोधायला लागलेली दोन मिनिटं परत मिळत नाहीत. सहलीला आणि मैदानावर हे डबे मुलाबरोबर जातात.

आरोग्य पत्रक

प्रवेशाच्या अर्जाबरोबर एक पानी पत्रक भरून घ्या. ॲलर्जी, दमा, फीट, मधुमेह, हृदयाचा त्रास, चालू औषधं, चष्मा, झालेल्या शस्त्रक्रिया. दोन फोन नंबर, त्यातला एक घराबाहेरच्या नातेवाइकाचा. आणि मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं. ही शेवटची ओळ भरून घेतलीच पाहिजे, कारण आईवडील वेगळे राहत असतील तर आजारी मुलाला कोणाच्या हाती द्यायचं हे दारात उभं राहून ठरवता येत नाही.

फोन नंबर दर सत्राच्या सुरुवातीला तपासा. पालकांनी लिहिलेला नंबर त्यांच्यासमोरच लावून बघावा. त्यात संकोच कसला?

पत्रकं कपाटात, पण गंभीर त्रास असलेल्या मुलांची छोटी यादी वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि जेवण वाढणाऱ्यांकडे हवी. भिंतीवर नको, मुलाच्या फीट येण्याची जाहिरात करायची नाही.

मूल आलं, आता?

बसवा, नाव विचारा, काय होतंय ते त्याच्या शब्दांत सांगू द्या. बोलतंय का, रंग कसा आहे, श्वास कसा चाललाय, हे तेवढ्यात दिसतं. मग ताप मोजा आणि वेळ लिहा. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर घरी कळवायचं. उलटी, जुलाब, अंगावर पुरळ, डोळ्यांतून पू, यांनाही तेच. नुसतं डोकं किंवा पोट दुखत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर पाणी, अर्धा तास टेकणं, पुन्हा पाहणं. अर्ध्या तासाने निर्णय घ्यायचाच. तीन तास खोलीत पडून राहिलेलं मूल म्हणजे कोणी न घेतलेला निर्णय असतो.

थेट रुग्णवाहिका बोलवायची ती अशा वेळी: शुद्ध हरपली, ओठ निळसर झाले, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही इतकी धाप आहे, फीट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, रक्त दाबूनही थांबत नाही, चेहरा-ओठ सुजून आवाज घोगरा झाला, ताप आहे आणि मान ताठ आहे किंवा दाबूनही न जाणारे जांभळट डाग अंगावर आहेत. इथे पालकांची परवानगी मागत बसायचं नाही. एकाने रुग्णवाहिकेला फोन, दुसऱ्याने घरी, तिसऱ्याने फाटकावर उभं राहून गाडीला रस्ता दाखवायचा. नंबर आणि शाळेचा पूर्ण पत्ता खुणेसह फोनशेजारी लिहून ठेवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या शाळेचा पत्ता सांगता येत नाही, हे खरं आहे.

शाळेत खरोखर घडतात ते प्रसंग

घोळणा फुटला तर मान मागे टाकायची सवय मोडा. रक्त घशात जातं आणि मूल ओकतं. पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा आणि घड्याळ बघून सलग दहा मिनिटं सोडू नका. मध्ये मध्ये 'थांबलं का' बघितलं की दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटांनीही वाहत असेल तर दवाखाना.

डोक्याला मार हा सगळ्यात फसवा. टेंगूळ मोठं दिसतं म्हणून घाबरतात, आणि टेंगूळ नसलं की सोडून देतात. टेंगळावरून आतलं काही कळत नाही. क्षणभर का होईना शुद्ध गेली होती का, एकाहून जास्त उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, गोंधळलेलं बोलणं, तोल जाणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव: यातलं काहीही असेल तर दवाखाना. काहीच नसेल तरी त्या दिवशी खेळ बंद, आणि घरी चिठ्ठी गेलीच पाहिजे. चिठ्ठीत मार कधी आणि कुठे लागला ते आणि पुढचे ४८ तास काय पाहायचं ते लिहा. ही चिठ्ठी आधीच छापून ठेवा, कोऱ्या जागा भरायला सोडून.

फीट आली तर भोवतालची बाकं सरकवा, डोक्याखाली काही मऊ द्या, वेळ मोजा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका, काही हुंगवू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. बाकीच्या मुलांना कोणीतरी बाहेर न्यावं. मुलाला जाग आल्यावर अख्खा वर्ग भोवती पाहत उभा आहे हे त्याला दिसू नये.

दम्याच्या मुलाला ताठ बसवा. त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली पद्धत असेल तर तीच. नसेल तर लक्षात ठेवायला सोपी पद्धत चारांची आहे: आराम देणाऱ्या पंपाचे चार फवारे स्पेसरमधून एकेक करून, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास, मग चार मिनिटं थांबणं. फरक नाही तर रुग्णवाहिका, आणि ती येईपर्यंत पुन्हा तेच.

मधुमेही मूल थरथरायला लागलं, घामेजलं, विनाकारण चिडलं, तर साखर कमी झाली असं धरून चाला. शुद्धीवर असेल तर जागेवरच १० ते १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे दोन-तीन छोटे चमचे भरून, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

ॲलर्जीने अंग सुजून धाप लागली आणि मुलाकडे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असेल, तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही देता येतं. नंतर मुलाला झोपवून ठेवा, धाप असेल तर बसवा, पण चालवू नका. पाच मिनिटांत उतार नाही आणि दुसरं इंजेक्शन असेल तर ते द्या. बरं वाटलं तरी दवाखाना चुकत नाही.

घास अडकून आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच धपाटे, मग बेंबीच्या वर पाच झटके, आलटून पालटून. जोराने खोकत असेल तर खोकू द्या.

भाजलं तर वीस मिनिटं थंड वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट, तेल, शाई काहीच नको. वीस मिनिटं फार वाटतात, म्हणून लोक दोन मिनिटांत नळ बंद करतात.

पक्का दात अख्खा निखळला तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचला. मळलेला असेल तर पाण्याखाली काही सेकंदच धरा, घासू नका. जमलं तर लगेच खाचेत परत बसवा, नाहीतर दुधात ठेवून दंतवैद्याकडे धाव घ्या. अर्ध्या तासाच्या आत पोहोचलात तर दात वाचण्याची शक्यता चांगली असते. दुधाचा दात परत बसवत नाहीत, म्हणून आधी वय बघा. सहाव्या-सातव्या वर्षापासून पुढचे पक्के दात यायला लागतात.

घरी कधी, शाळेत कधी

उलटी-जुलाब थांबल्यावर ४८ तास घरी. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच दिवस. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. खरजेच्या मुलाला पहिला उपचार झाला की परत घ्या. गोवराची नुसती शंका आली तरी आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. वर्गात लस न घेतलेली मुलं असली तर एकाचे अनेक व्हायला वेळ लागत नाही.

उवा झाल्या म्हणून मुलीला घरी पाठवणं मात्र मला पटत नाही. वर्गातून उठवण्याइतका तो आजार नाही. उवा त्या दिवशी आलेल्या नसतात, आठवडे झालेले असतात. संध्याकाळी घरी चिठ्ठी द्या आणि मुलीला वर्गात बसू द्या. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये शालेय डॉक्टर येत, उवा, खरूज, डोळ्यांचा खुपरी रोग असलेली मुलं शोधत आणि घरी धाडत. घरी उपचार होत नसत, मुलं आठवडेच्या आठवडे बाहेर राहत. त्या ऑक्टोबरमध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांत महिनाभर प्रयोग म्हणून नेमलं. या शाळांत मिळून सुमारे १०,००० मुलं होती. तिने मुलांवर शाळेतच उपचार केले, घरी जाऊन आयांना ते शिकवले. गैरहजेरी इतकी घटली की शहराने आणखी परिचारिका नेमल्या. शाळेतली आरोग्यसेवा मुलांना घालवण्यासाठी नसते, हे तेव्हाच कळलं होतं.

घरी पाठवायचं ठरलं तर पत्रकावर नाव असलेल्या मोठ्या माणसाच्याच हाती. चौथीतल्या भावाबरोबर पहिलीतल्या तापलेल्या बहिणीला पाठवणं ही जुनी सोय आहे. ती बंद करा.

नोंदवही

या खोलीतली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे शंभर पानी वही. रकाने: तारीख, आल्याची वेळ, नाव, वर्ग, तक्रार, कुठे घडलं, काय केलं, काय दिलं, गेल्याची वेळ, कुठे गेलं, सही. 'कुठे घडलं' हा रकाना सहसा नसतो. तो घातलात की दोन महिन्यांत कळतं की निम्मे गुडघे टाकीशेजारच्या एकाच पायरीवर फुटतात. मग मलम आणण्याऐवजी गवंडी आणायचा.

दर महिन्याला वही घेऊन बसा आणि तीन गोष्टी शोधा. एकच जागा. एकच वर्ग: दोन दिवसांत एका वर्गातली चार मुलं ओकली तर पिण्याचं पाणी आणि जेवण तपासायला लावा, आरोग्य केंद्राला कळवा. आणि एकच मूल.

या तिसऱ्याकडे जास्त लक्ष द्या. दर सोमवारी पहिल्या तासाला, किंवा नेमकं गणिताच्या आधी, कोणाचं पोट दुखतं? ते ढोंग आहे असं पटकन म्हणू नका. भीतीने पोट खरंच दुखतं. कोणी मधल्या सुट्टीत छळत असेल, फळ्यावरचं दिसत नसेल, सकाळी घरून उपाशी आलं असेल. वारंवार डोकं दुखणाऱ्या मुलाची नजर तपासून घ्या. सतत तहान लागून लघवीला जाणारं, वजन उतरलेलं मूल त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं, तो मधुमेह असू शकतो. न पटणारी कारणं सांगितलेले वळ, पुन्हा पुन्हा नव्या जागी मुका मार: इथे मुलाची उलटतपासणी घेऊ नका, जे दिसलं आणि जे त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी सांगा. घरी फोन आधी करायचा नाही.

वही कुलपात ठेवा. ती इतर पालकांनी चाळायची गोष्ट नव्हे.

सुरू करताना

सगळं जमेपर्यंत थांबू नका. पहिल्या आठवड्यात माणसं नेमा, फोन नंबर लावा, साबण-पाणी आणि वही सुरू करा. हे खुर्ची-टेबलावरही चालतं. पहिल्या महिन्यात पेटी आणि पत्रकं. खाट त्यानंतर आली तरी बिघडत नाही. सत्रातून एकदा खोटा प्रसंग करून पाहा: मैदानाच्या टोकाला एक मूल बेशुद्ध पडलंय असं सांगा आणि पेटी पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजा. बहुतेक ठिकाणी पेटी जवळच असते, ती कोणी आणायची हे ठरलेलं नसतं.

दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी कपाटाची मोजणी: मुदत, थर्मामीटरचे सेल, टॉर्च, पंपात उरलेले फवारे. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असावी आणि मोजणाऱ्याने सही करावी.

उन्हाळी सुट्टीआधी मुलांची औषधं पालकांच्या हाती परत द्या, शाळेत ठेवू नका; बंद खोलीतल्या उष्णतेने ती खराब होतात. पडदे आणि चादरी धुवून घ्या, पाण्याची टाकी रिकामी करून उलटी ठेवा. गंभीर त्रास असलेल्या मुलांची पत्रकं पुढच्या वर्गशिक्षकाला समोरासमोर बसून समजावून द्या. शेवटच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या पत्रकाची प्रत त्यांच्या पालकांना द्या, म्हणजे नव्या शाळेत ती पहिल्याच दिवशी देता येते.